आजोबांच्या आजारपणाबद्दल मुलांना किती सांगायचं? आणि कुणी?

सोनटक्का
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते. विषय जड आहे, पण घरात विचारण्यासारखं कोणी उरलं नाही, कारण प्रत्येकाचं मत ठरलेलं आहे.

माझे सासरे, वय ७४, मिरजेहून आमच्याकडे पुण्याला आलेत. आधी कावीळ झाली, अंगाला खाज सुटली, वजन भराभर उतरलं. तपासण्यांमध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, यकृतात पसरलेला. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाले. पित्तनलिकेत स्टेंट (वाट मोकळी ठेवणारी छोटी नळी) घातला, कावीळ उतरली. आता दुखणं आटोक्यात ठेवायचं, एवढंच. डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, महिन्यांच्या हिशेबात धरा.

बाबांना स्वतःला यातलं काही सांगितलेलं नाही. सासूबाईंचा सक्त हुकूम आहे, "ते हाय खातील." त्यामुळे घरात अधिकृत आजार अजून कावीळच.

मुलं दोन. लेक नववीत, मुलगा पहिलीत. मुलगा म्हणजे आबांचं शेपूट. सकाळी दोघांचा एक कार्यक्रम असतो, आबा बशीतल्या चहात ग्लुकोजचं बिस्कीट बुडवतात आणि अर्धं याच्या तोंडात घालतात. परवा याने मान मागे घेतली आणि म्हणाला, "नको, मला कावीळ होईल." शाळेत शिकवलंय ना, उष्टं खाऊ नका, पाणी उकळून प्या. बिस्कीट बशीत पडून त्याचा लगदा झाला. बाबा "बरोबर आहे, शहाणा आहेस" म्हणाले आणि पेपर उघडला.

सासूबाई म्हणतात लेकरांच्या कानावर काहीच घालू नका, परीक्षा आहेत. नवरा म्हणतो वेळ आली की बघू. नाशिकच्या नणंदबाई म्हणतात सांगा, पण कॅन्सर हा शब्द नको. मला वाटतं सांगावं, पण काय आणि किती ते कळत नाही. पहिलीतल्याला काय सांगता? नववीतलीला सगळं सांगायचं का? अनुभव असेल तर लिहा.

वरणफळ
वाचते आहे. तुम्हाला धीर मिळो. माझ्याकडे उत्तर नाही, पण बिस्किटाचं वाचून गलबललं.

बापू_कराडकर
लहान पोराला काय सांगायचं असतं त्यात? आमच्या वेळी कोण सांगत होतं? आजा गेला तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. सोप्यात ठेवलेला, बायका रडत होत्या, आम्हा पोरांना सांगितलं विहिरीवरून पाणी आणा. आणलं. तिरडी बांधताना बघितली, मडकं धरलेलं बघितलं. कोणी समुपदेशन केलं नाही, काही बिघडलं नाही आमचं. हे सगळं शहरातलं खूळ आहे. माणूस आयसीयूच्या दाराआड नेऊन ठेवता, मग पोराला समजावायला पुस्तकं आणता.

मुक्ता_पी
बापू, अर्धं पटलं. तुम्हाला सांगायची गरज नव्हती कारण तुमच्यापासून काही लपवलेलंच नव्हतं. सोनटक्का यांच्या घरात लपवलंय. म्हणून तर प्रश्न आलाय.

उमरग्याचा
बापूंना थोडा विरोध करतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, मोठी माणसं उशिरा झोपलेली. आमचं गाव किल्लारीपासून लांब होतं, पण मावशीचं घर तिकडेच. मावशी आणि तिची दोन मुलं गेली. मला कोणी काही लपवलं नाही, सगळं डोळ्यांसमोर होतं, ढिगारे, ट्रक, सामुदायिक चिता. पाहिलं सगळं. विचारायला मात्र कोणी नव्हतं. मला कित्येक वर्षं वाटत होतं की मिरवणुकीत आम्ही पोरांनी जमिनीवर लय जोरात पाय आपटले म्हणून हे झालं. हसू नका, खरंच वाटत होतं. कॉलेजात गेल्यावर एका मित्राजवळ पहिल्यांदा बोललो.

दिसणं आणि समजणं वेगळं असतं, एवढंच म्हणायचंय.

बापू_कराडकर
हसलो नाही. ही बाजू माझ्या ध्यानात आली नव्हती.

शाळेतली_बाई
मी एका शाळेत समुपदेशक आहे. उमरग्याचा यांनी लिहिलंय ते जवळजवळ प्रत्येक लहान मुलाच्या बाबतीत येतं. घरात कोणी गंभीर आजारी पडलं की या वयाच्या मुलांच्या डोक्यात साधारण तीन प्रश्न फिरतात. माझ्यामुळे झालं का? मलाही होईल का? आणि आता मला कोण सांभाळणार? मोठी माणसं यातल्या एकालाही हात घालत नाहीत, ती "आबा बरे होतील हं" एवढ्यावर असतात. सोनटक्का, तुमच्या मुलाने दुसरा प्रश्न तर उघडच विचारलाय. पहिला पोटात असेल. "तू आबांच्या पोटावर बसायचास म्हणून हे झालेलं नाही" असं स्वतःहून म्हणावं लागतं, तो विचारणार नाही.

वाक्यं लहान ठेवा. "आबांच्या पोटात एक आजार आहे. त्याचं नाव कॅन्सर. तो सर्दीसारखा पसरत नाही. डॉक्टर दुखू नये म्हणून औषध देतात, पण हा आजार पूर्ण जाईल असं औषध त्यांच्याकडे नाही." एवढं झालं की गप्प बसा. तो बहुतेक उठून खेळायला जाईल. त्याला दुःख झालं नाही असं समजू नका, लहान मुलं दुःख घोट घोट पितात. रात्री दात घासताना अचानक पुढचा प्रश्न येईल.

नणंदबाईंचं कॅन्सर शब्दाबद्दलचं म्हणणं मला पटत नाही. नुसतं "आजार" किंवा "पोटात दुखतं" म्हटलं की पुढच्या वेळी त्याच्या स्वतःच्या पोटात दुखलं तर तो काय समजेल? आजाराला नाव असलं की तो इतर दुखण्यांपासून वेगळा होतो.

लेकीबद्दल: तिला माहीत आहे. नववीतल्या मुलीला माहीत नसेल असं गृहीत धरूच नका.

दीड_शहाणा
> लहान मुलं दुःख घोट घोट पितात

आणि मोठी माणसं क्वार्टर क्वार्टर. (दिवा घ्या, म्हणजे हलकं घ्या.)

वैद्यकी
डॉक्टर आहे, पण कॅन्सरचा नाही, त्यामुळे उपचारांबद्दल बोलत नाही. काविळीचं तेवढं स्पष्ट करते. दूषित पाण्या-अन्नातून पसरते ती हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंची कावीळ. तुमच्या सासऱ्यांना झाली ती पित्ताची वाट गाठीमुळे दाबली जाऊन झालेली. ती बिस्किटातून, टॉवेलातून, पापा घेतल्याने कुणालाही होत नाही. आज संध्याकाळीच मुलाला सांगा, बाकी काही ठरो न ठरो. यासाठी सासूबाईंच्या परवानगीची गरज नाही.

दुसरं. वयाप्रमाणे समज कशी बदलते यावर मारिया नागी या मानसशास्त्रज्ञ बाईंचं जुनं काम आहे, १९४८ सालचं. बुडापेस्टमधल्या मुलांशी बोलून, त्यांच्याकडून चित्रं काढून घेऊन त्यांनी लिहिलं. पाचाच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे झोप किंवा प्रवास वाटतो, माणूस परत येऊ शकतो. पाच ते नऊच्या मुलांना मरण हा कोणीतरी एक असामी वाटतो, येऊन धरून नेणारा. त्यापुढे कळतं की हे सगळ्यांना आहे आणि टळत नाही. पुढच्या संशोधकांना तो मधला असामी सगळीकडच्या मुलांत सापडला नाही, पण "परत येता येत नाही" हे हळूहळू कळतं, एवढं बहुतेकांनी मान्य केलंय. म्हणून पहिलीतला मुलगा आज "आबा मरणार" म्हणेल आणि उद्या "गणपतीत आबा मोदक खातील ना" विचारेल. तो खोटं बोलत नसतो किंवा विसरलेलाही नसतो.

दीड_शहाणा
येऊन धरून नेणारा असामी, रेडा, पाश... आमच्या आजीने हंगेरीला न जाता हे सांगून ठेवलं होतं.

चकली
:) पण तिकडची मुलं रेड्याशिवाय कसं काय भागवत होती?

पिंपळपान
आमच्याकडचा किस्सा. लेकाचा मासा मेला. नवऱ्याने तो शाळेत असताना तसाच दुसरा आणून टाकीत सोडला. काही महिन्यांनी तोही मेला, पुन्हा तेच. आम्ही दोघं आपल्या हुशारीवर खूश. एकदा मावसभावाला टाकी दाखवताना हा म्हणाला, "हा तो नाहीये. पहिल्याच्या शेपटीला काळा ठिपका होता. पण आईबाबांना वाईट वाटेल म्हणून मी बोललो नाही."

मुक्ता_पी
पिंपळपान, वर सगळ्या संशोधनाचं सार आलंय तुमच्या टाकीत.

वैद्यकी
अगदी! यावरून आठवलं. अमेरिकेतल्या मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झालेल्या लहान मुलांच्या वॉर्डात राहून निरीक्षणं केली. त्या मुलांना कोणी सांगितलेलं नव्हतं, तरी आपण मरणार आहोत हे त्यांना कळलेलं होतं. कोणतं औषध सुरू झालं की काय होतं, शेजारच्या खाटेवरचा मुलगा कुठे गेला, यावरून ती जोडत होती. आणि आई-वडिलांसमोर मात्र माहीत नसल्यासारखं वागत होती, कारण विषय काढला की मोठी माणसं खोलीबाहेर जातात हेही त्यांना कळलं होतं. ग्लेझर आणि स्ट्रॉस या दोघा समाजशास्त्रज्ञांनी मोठ्या रुग्णांबद्दल हेच १९६५ मध्ये मांडलं होतं. दोन्ही बाजूंना माहीत असतं आणि दोन्ही बाजू नाटक करतात.

सोनटक्का, हे मी मुलांपुरतं लिहिलेलं नाही.

कोकणकडा
वैद्यकींनी आडून सांगितलं ते मी सरळ विचारतो. तुमच्या सासऱ्यांना का सांगत नाही? माणूस ७४ वर्षांचा, शुद्धीवर, पेपर वाचतो. त्याच्या शरीराची बातमी सगळ्या घराला, नाशिकच्या मुलीला आणि आता या धाग्यावरच्या पन्नास अनोळखी लोकांना माहीत. त्याला सोडून. आणि पहिलीतल्या पोराला सांगून "आबांना सांगू नकोस हं" म्हणणार? सहा वर्षांच्या मुलाच्या पोटात वाढदिवसाची भेट एक दिवस राहत नाही.

काकू_डोंबिवली
कोकणकडा, भाषा जरा जपून. त्या बाईंनी मदत मागितली आहे. आणि सासूचं काही चुकलं नाही. माझ्या दिरांना डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं तेव्हापासून त्यांनी जेवण सोडलं, भिंतीकडे तोंड करून पडले. न सांगता दोन-चार महिने तरी हसत काढले असते. पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईला आपला नवरा कळतो की नाही?

कोकणकडा
काकू, माफ करा, स्वर चढा लागला. पण मुद्दा सोडत नाही. तोंडावर फेकणं आणि सांगणं यात फरक आहे. शिवाय व्यवहार असतात. इच्छापत्र आहे का? बँकेत नॉमिनी कोण? व्हेंटिलेटर हवा की नको? सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलंय आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केलीय, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पण ते करणार कोण, ज्याला आपल्याला कावीळ झालीय असं वाटतंय तो?

दूरदेशी
न्यू जर्सीहून. इथे लहान मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलांत यासाठी वेगळी माणसं असतात, त्यांना चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट म्हणतात. बहिणीचं ऑपरेशन, आईची केमो, असं काहीही असलं तरी ती बाहुली घेऊन भावंडांना समजावतात. माझ्या धाकट्याला त्यांनी नळ्या लावलेली बाहुली दाखवून मगच आत नेलं होतं. आत गेल्यावर तो घाबरला नाही, उलट मला शिकवत होता की ही सलाईनची, ही ऑक्सिजनची.

आणखी एक. इथे सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे. सेसमी स्ट्रीट या लहान मुलांच्या कार्यक्रमात दुकानदार मिस्टर हूपरचं काम करणारे विल ली १९८२ च्या डिसेंबरात वारले. दुसरा नट आणता आला असता, किंवा हूपर निवृत्त होऊन गावी गेला म्हणता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. १९८३ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी भाग दाखवला, कारण त्या दिवशी आईबाप घरी असतात. मोठा पिवळा पक्षी हूपरसाठी चित्र घेऊन येतो आणि मोठी माणसं त्याला सांगतात की ते वारले, परत येणार नाहीत. असं का, या त्याच्या प्रश्नाला मोठ्यांकडे उत्तर नसतं आणि लेखकांनीही ओढूनताणून दिलेलं नाही.

बापू_कराडकर
बघा, पक्ष्याला सांगितलं त्यांनी. आमच्याकडे पक्षी येऊन आपल्याला सांगतो. ओंकारेश्वरावर दहाव्याला तासभर कावळ्याची वाट बघितलीय मी. शेवटी कुणीतरी म्हणालं, "धाकटीच्या लग्नाचं बघतो म्हणा." म्हटल्याबरोबर शिवला.

चकली
कावळा नाही शिवला तर दर्भाचा करतात. अवांतर: पुण्यातले कावळे कमी झालेत का खरंच?

दीड_शहाणा
नाही, फक्त दुपारी एक ते चार येत नाहीत.

मुक्ता_पी
धागा वळवू नका रे. (हसले तरी.)

निळाई
मी गंभीर लिहिते. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझी जाऊ कोविडने गेली. पुतण्या पाच वर्षांचा. आई रुग्णवाहिकेत बसली, हात हलवला, आणि नंतर थेट फोटोला हार. २० माणसांची मर्यादा, मुलांना नेण्याचा प्रश्नच नव्हता, देहही गुंडाळलेला. सगळ्यांनी त्याला "आई देवाघरी गेली, तारा झाली" सांगितलं. त्याचा अर्थ त्याने असा लावला की रुग्णवाहिका देवाच्या घरी जाते. रस्त्यावर सायरन ऐकला की गाडीच्या मागे धावायचा. गच्चीवर जाऊन चांदणी ओळखायला सांगायचा, कुठली सांगणार?

शेवटी त्याच्या मामाने, जो शेतकरी आहे आणि फारसा बोलतही नाही, त्याला शेतात नेऊन मेलेला टोळ दाखवला. "हा उडत नाही, याला भूक लागत नाही, याला दुखत नाही. आईचं शरीर असं थांबलं." पोरगा खूप रडला. पण सायरनच्या मागे धावणं थांबलं.

म्हणून सांगते, "झोपले", "गावाला गेले", "देवबाप्पाने बोलावलं" हे नकोच. धार्मिक असाल तर देवाघर जरूर सांगा, पण शरीर थांबलं हे आधी सांगा.

वरणफळ
मामाला नमस्कार सांगा.

शाळेतली_बाई
निळाई, यापेक्षा चांगलं मलाही सांगता येणार नाही.

सोनटक्का
सगळ्यांचे आभार. कोकणकडा, राग नाही आला. आला, पण गेला.

काल संध्याकाळी मुलाला सांगितलं की आबांची कावीळ पसरणारी नाही. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मग तू आधी का नाही सांगितलंस?" मी गप्प. वैद्यकी, बिस्कीट सुरू झालंय, धन्यवाद.

आणि शाळेतली_बाई, तुमचं खरं निघालं. लेकीला विचारलं, "आबांबद्दल तुला काय काय माहीत आहे?" तिने तिचा फोन दाखवला. बाबांच्या रिपोर्टचा फोटो नवऱ्याने नणंदेला पाठवला होता, तो तिने दिवाळीच्या सुट्टीतच पाहिलेला. मग गुगलवर सगळं वाचलं, किती लोक किती जगतात त्याचे आकडेसुद्धा. रात्री पांघरुणात. मी म्हटलं मला का नाही विचारलंस? म्हणाली, "तुम्ही सगळे इतकं छान ॲक्टिंग करत होतात." रागाने म्हणाली. आजीवर तर फारच रागावलेली आहे.

आता तिचं म्हणणं, आबांना सांगा, नाहीतर मी सांगते. काय करू?

अवखळ
मी सतरा वर्षांची आहे, म्हणून मध्ये बोलू का? आम्हाला बातमीचं एवढं वाईट वाटत नाही, आम्हाला वगळलं त्याचं वाटतं. माझे काका वारले तेव्हा मला हॉस्टेलवर परीक्षा संपल्यावर सांगितलं. तोवर अंत्यसंस्कार झाले होते. मला ७८ टक्के मिळाले आणि काका बघायला मिळाले नाहीत. तिला काहीतरी काम द्या. औषधांची वही, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून काढणं, काहीही. आणि "आजीला कळलं तर" वगैरे गुप्ततेचं ओझं तिच्यावर टाकू नका.

काकू_डोंबिवली
अवखळ, बाळा, तुझं वाचून आमच्या घरातलं एक आठवलं. असो.

शाळेतली_बाई
अवखळ +१. सोनटक्का, तिला सांगा की आबांना सांगणं हे तिचं काम नाही, मोठ्यांचं आहे, आणि ते तुम्ही कधी करणार याची तारीख द्या. तारीख दिली की थांबतील ही मुलं. झोप, जेवण बिघडलं, एकटी राहायला लागली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तीही बोलू शकते आणि तुम्हीही.

वैद्यकी
बाबांना तुम्ही घरच्यांनी सांगायची गरज नाही. त्यांच्या डॉक्टरांना विनंती करा की त्यांनी बाबांनाच विचारावं, "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" ज्याला हवं त्याला हवं तेवढं. पॅलिएटिव्ह केअरचे (आजार बरा होणारा नसला तरी त्रास कमी करणारे) लोक यात मुरलेले असतात. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे, १९९७ पासून, मोफत. रुग्णाबरोबर कुटुंबालाही धरून बोलतात. सासूबाईंना घेऊन जा. तिथे काम करणाऱ्या माणसाने सांगितलेलं त्या ऐकतील, सुनेचं कशाला ऐकतील?

काकूंच्या दिरांबद्दल: अशी माणसं असतात, हे नाकारत नाही. पण आकडा द्यायचा तर स्वीडनमध्ये कॅन्सरने मूल गमावलेल्या ४२९ पालकांना विचारलं होतं, २००४ साली ते छापून आलं. मुलाशी मरणाबद्दल बोललेले १४७ जण होते, त्यांतल्या एकालाही पस्तावा नव्हता. न बोललेल्यांतल्या साधारण चौथाई पालकांना होता. संदर्भ वेगळा आहे, तिथे मूल आजारी आणि इथे आजोबा, त्यामुळे जसंच्या तसं लावू नका.

काकू_डोंबिवली
स्वीडनचं राहू दे. वारज्याचं चांगलं सुचवलंस.

बापू_कराडकर
एक विचारतो. पुढे वेळ आली तर मुलांना स्मशानात न्यायचं का? आमच्याकडे बायका आणि पोरं जात नाहीत. नववीतली मुलगी "मी येणार" म्हटली तर?

पिंपळपान
माझ्या वडिलांना मी अग्नी दिला, वैकुंठ स्मशानभूमीत. माझी मुलगी बारा वर्षांची, बरोबर होती. कोणी अडवलं नाही. दोन आत्या कुजबुजल्या, मग त्याच रडायला माझ्या खांद्यावर आल्या.

कोकणकडा
मुलीला विचारा, ती ठरवेल. सहा वर्षांच्याला मात्र घरून निरोप पुरे. विद्युतदाहिनीचं दार बंद होताना मी मोठा असून हादरलो होतो.

निळाई
सहा वर्षांच्यालाही विचारावं असं मला वाटतं. फक्त आधी सांगून की तिथे काय काय दिसेल, आणि एक माणूस फक्त त्याच्यासाठी ठेवून, जो तो म्हणेल तेव्हा त्याला बाहेर नेईल. आईबाप त्या वेळी त्याच्याकडे बघण्याच्या अवस्थेत नसतात.

बापू_कराडकर
मला नाही पटत. पण निदान विचारावं हे पटलं.

सोनटक्का
बरेच दिवसांनी येते आहे. वारज्याला जाऊन आलो, सासूबाईंसकट. तिथल्या डॉक्टरांनी बाबांना वैद्यकींनी लिहिलाय तोच प्रश्न विचारला. मला वाटलं आता सगळं मोकळं होणार. बाबा म्हणाले, "मला नका सांगू. माझ्या मुलाला सांगा, तो करेल ते. मला फक्त दुखू देऊ नका, आणि मला मिरजेला जायचंय."

म्हणजे सासूबाई निम्म्या बरोबर निघाल्या. कोकणकडा, इच्छापत्राचं मात्र त्यांनी स्वतःहून काढलं, वकिलाला बोलवा म्हणाले. ज्या माणसाला काही जाणून घ्यायचं नाही तो वकील बोलावतो, यातून काय समजायचं ते मी समजले. लेकीला हे जसंच्या तसं सांगितलं. तिला आवडलं नाही, पण "हा त्यांचा निर्णय आहे ना, मग ठीक" म्हणाली. औषधांची वही तिच्याकडे आहे, मॉर्फिनच्या (दुखण्यावरच्या औषधाच्या) वेळा ती लिहिते, आणि आजीशी पुन्हा बोलायला लागली आहे. दोघी मिळून आबांसाठी मऊ भात करतात आणि त्यात मीठ किती यावर भांडतात.

मुलाला आम्ही दोघांनी बसवून सांगितलं. पोटात कॅन्सर आहे, जाणार नाही, आबा मरतील, कधी ते माहीत नाही. "माझ्या वाढदिवसाला असतील?" मार्चमध्ये आहे. नवरा म्हणाला, "बहुतेक नाही." मग त्याने विचारलं की मला शाळेच्या व्हॅनपर्यंत कोण सोडणार. शाळेतली_बाई, तुमचा तिसरा प्रश्न. ताई सोडेल असं ठरलं. मग तो खेळायला गेला.

आबांसमोर हा शब्द काढायचा की नाही, यावर अजून अडकलोय. "आबांना त्याबद्दल बोलायला आवडत नाही, तुला बोलायचं असलं की आमच्याशी बोल" असं सांगितलंय. लपव असं सांगितलेलं नाही. बरोबर आहे का?

शाळेतली_बाई
बरोबर आहे. लपवणं वेगळं आणि समोरच्याच्या आवडीनिवडीचा मान ठेवणं वेगळं, हा फरक सहा वर्षांच्या मुलांना कळतो. चुकून बोललाच तर रागावू नका, आबा सांभाळून घेतील. वर्गशिक्षिकेला मात्र उद्याच कळवून ठेवा. तो वर्गात सांगेल आणि बाईंना ऐनवेळी काही सुचणार नाही.

मुक्ता_पी
मिरजेला कधी निघताय? रेल्वेने नेऊ नका, गाडीने न्या, मागे गादी टाकून. आणि तिथल्या डॉक्टरांशी औषधांचं आधी बोलून ठेवा, मॉर्फिन प्रत्येक दुकानात मिळत नाही.

सोनटक्का
शनिवारी निघतोय, गादीचं लक्षात ठेवते. मॉर्फिनचं वारज्याच्या डॉक्टरांनीही बजावलंय, चिठ्ठी दिली आहे.

वर्गशिक्षिकेला कळवायला उशीर झाला. त्याने वर्गात सांगितलं, व्हॅनवाल्या काकांना सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, आणि पसरत नाही हेही प्रत्येकाला बजावून सांगितलं. सोसायटीत आता फक्त सेक्रेटरींना कळायचं राहिलंय, ते सध्या तिरुपतीला गेलेत.